छपराखालचं पितळ

आमच्या घरमालकांकडे कोणीही गेलं, की पाणी विचारायच्या आधी ते माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवत. पोस्टमन असो, मीटर बघायला आलेला असो की सख्खा व्याही. त्यासाठी एक लाकडी स्टूल कायमचं भिंतीशी ठेवलेलं. माणूस बसला की त्याच्या पाठीमागे 'तड्' असं काहीतरी वाजे. जरा वेळाने दुसरं 'तड्'. आणि मग मालक विचारत, "काय आठवलं?"

मीही त्या स्टुलावर बसले, खोली भाड्याने मागायला गेले होते तेव्हा.

तेव्हाची मी कशी होते ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची फजिती नीट कळणार नाही. तिशीकडे झुकलेली, बी.एड. झालेली, महाडकडच्या तुडील गावाच्या अलीकडे आमची बौद्धवाडी आहे तिथली मास्तरीण झालेली पहिली मुलगी. साडीला कांजी इतकी, की आधी साडी बसायची आणि मग मी. खांद्याला पर्स, तिच्यात रुमाल, कंगवा आणि बी.एड.चं गुणपत्रक, कोणी अचानक मागितलंच तर असावं. आणि बोलणं थेट पुण्याचं. घरी सगळे 'नाय' म्हणत, मी 'नाही' म्हणताना ह असा सोडायची की समोरच्याला वारा लागावा. माझी भाची हल्ली तोंडाचा चंबू करून मोबाइलवर फोटो काढते ना, तसा चंबू मी दिवसभर करून असायची, आणि तोही मोबाइल नसताना.

नोकरी लागली होती कापडे गावाच्या पुढच्या एका खेड्यात, हायस्कूलवर, तीही कच्ची. पोलादपूरला खोली घेतली असती तर एसटी सोयीची पडली असती. पण मला शहरात राहायचं होतं, आणि महाड हे माझ्या लेखी शहर होतं. चार घरी विचारलं. चारही ठिकाणी माझं शिक्षण ऐकून लोक खूश झाले, मग त्यांनी आडनाव विचारलं, आणि मग खोली कालच गेल्याचं त्यांना आठवलं. महाडातल्या सगळ्या रिकाम्या खोल्या एकाच दिवशी गेल्या होत्या, काल.

पाचवं घर मालकांचं. बाजारपेठेच्या मागे, नदीच्या अंगाला. दार उघडलं ते एका बुटक्या म्हाताऱ्याने. खाकी हाफ पँट, बनियन, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. मी नाव सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं, बोळे काढून खिशात ठेवले आणि स्टूल दाखवलं. मी बसले. मागे 'तड्' झालं. पुन्हा 'तड्' झालं.

"काय आठवलं?"

मी घसा साफ केला. "पहिल्याचा नाद अधिक मधुर आहे," मी म्हटलं. "दुसऱ्यात किंचित कर्कशता जाणवते."

"खोली नाय मिळायची," मालक म्हणाले.

पाच घरं, सगळी दुपार, एप्रिलच्या उन्हात, कांजीच्या साडीत! माझं पुणं तिथल्या तिथे उतरलं. "अवो, पण झालं काय?" मी भिंतीवरच ओरडले. "दुसरा वाजला तो आमची आजी सुपात तांदूळ पाखडते तसा! आणि पहिला म्हंजे दारात कुणी कळशी आपटली! मधुर-बिधुर काय नाय त्यात, मी आपली बोलायचं म्हणून बोलले!"

मागे मग कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज. "सुपात... तांदूळ," मालक स्वतःशीच म्हणाले. "दोन महिने ह्यो शब्द शोधतोय. चावी घे पोरी. नळ सकाळी सहाला येतो."

आडनाव त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, नंतर विचारतील. लग्न होईपर्यंत चार वर्षं त्या खोलीत राहिले, माझ्या पत्रांवर वाचलं असेल तर असेल, तोंडाने कधी विचारलं नाही.

चावी घेऊन वर पाहिलं तेव्हा उलगडा झाला. वाशांना अकरा साइड ड्रम टांगलेले होते. साइड ड्रम म्हणजे शाळेच्या बँडमध्ये मुलं गळ्यात अडकवून दोन काड्यांनी वाजवतात तो. वर-खाली ताणून बसवलेलं चामडं किंवा प्लॅस्टिक असतं, त्याला पान म्हणतात. खालच्या पानाला चिकटून बारीक तारा असतात, ती सगळी तडतड त्या तारांची. दोन पानांच्या मधला जो गोल, त्यात मालकांचा जीव अडकला होता. कारण अकराही ड्रमांचे गोल वेगवेगळ्या जिनसांचे होते. पितळेचा, तांब्याचा, लोखंडी पत्र्याचा, अॅल्युमिनियमचा. शिसवीचा, फणसाचा, सागवानी. एक बांबूच्या कांब्या जोडून केलेला, एक जाड प्लॅस्टिकच्या पाइपाचा. एक कुंभाराकडून भाजून आणलेला मातीचा होता, त्याच्यावर काडी टाकायला ते स्वतःच घाबरत. अकरावा त्यांनी घरी आलेल्या लग्नपत्रिकांचा लगदा करून बनवला होता. "ह्याच्यात दोनशे लग्नं हायत," म्हणायचे, "म्हणून कुरकुरतो." आणि सगळे वर टांगलेले, कारण नदी दोन-चार वर्षांनी एकदा खालच्या खोलीत येऊन जातेच.

मालक मुंबईत एका कारखान्यात लेथवर होते. कारखान्याचा बँड होता, त्यात साइड ड्रम वाजवायचे. बँड बंद पडला तेव्हा दोन ड्रम घरी आणले, एक पितळेचा, एक सागवानी. "दोन्ही मीच वाजवायचो," ते सांगत. "हात तोच, काड्या त्याच. मग आवाज दोन कशाला? तेवढं बघून घेऊ म्हटलं. बावीस वर्षं झाली, बघतोय." त्यांची मुंबईची सून म्हणायची, मामांजींनी तारुण्यात दारू धरली असती तर निदान सुटली तरी असती.

त्यांची बघायची रीत मात्र कडक होती. सगळ्या ड्रमांना एकाच दुकानातलं, एकाच दिवशी आणलेलं प्लॅस्टिकचं पान. काडी हाताने मारायची नाही. ती एका खिळ्यावर अडकवलेली असे, दोऱ्याने वर ओढायची आणि सोडून द्यायची, म्हणजे दर वेळी तेवढ्याच उंचीवरून पडेल. मी एकदा विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाले, "हात लबाड असतो गो. आवडत्यावर आपसूक हळू पडतो." दुसरी गोष्ट, एका वेळी एकच बदल. गोल बदलला तर पान तेच, तारा त्याच, जागा तीच, वेळही तीच, सकाळची दहाची. आणि ऐकणाऱ्याने 'चांगला' किंवा 'वाईट' म्हणायचं नाही. "चांगला हा काय आवाज नाय, ते तुझं मत हाय. मत घरी ठेव. काय आठवलं ते सांग." मग जे आठवेल ते वहीत जायचं. एक पान पितळेचं, एक फणसाचं, एक सागाचं. फणसाच्या पानावर वाचलेलं मला आठवतं: म्हातारी खोकली. ओल्या फळीवर नारळ. मास्तरांची छडी, पण दुसऱ्याला बसली तेव्हाची.

कान वाया जाऊ नयेत म्हणून दिवसभर बोळे. बाजारात भांडी घ्यायला गेले की बोळे काढायचे, दुकानातल्या सगळ्या पातेल्यांवर टिचक्या मारायचे आणि काही न घेता परत यायचे. लग्नाला गेले तर नवरा-नवरीला अक्षता टाकायच्या आधी बँडवाल्यांच्या मागे जाऊन ओणव्याने त्यांच्या ड्रमाखाली बघायचे. माझं पोट बिघडलं तेव्हा औषध देण्याऐवजी दारात उभे राहून विचारलं, "कालपासून काय काय बदललंस?" मी दोन गोष्टी सांगितल्या तर चिडले. "दोन बदल एकदम करतात व्हय? आता कसं कळायचं कशानं बिघडलं?"

वीर स्टेशनला रेल्वे नुकती थांबायला लागली होती. मेरठहून मागवलेला बारावा, काशाचा ड्रम पार्सलने तिथे उतरणार होता, तर मला रविवारी बरोबर नेलं. खोकं फलाटावरच फोडलं. घरापर्यंत धीर कुठला! रिक्षावाल्याला खाली उतरवलं, त्याच्याच रिक्षाकडे तोंड करून उभं केलं आणि वाजवलं. तो बिचारा म्हणाला, "काका, सायलेन्सर फुटला तवा असाच वाजलेला." मी लाजेने पदर तोंडावर घेतला, कोणी ओळखीचं बघत नाही ना म्हणून फलाटभर पाहिलं. मालकांनी वही मांडीवर घेऊन लिहिलं, 'सायलेन्सर', आणि पुढे कंसात 'फुटका'. परतीच्या वाटेत मला म्हणाले, "खरं बोलणारा माणूस हाय." बी.एड. झालेल्या माणसाबद्दल असं ते कधी बोलल्याचं मला स्मरत नाही.

आता माझ्या लबाडीकडे वळते. मुलाखतीत मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, शिकवण्याखेरीज काय येतं? माझ्या आधीच्या बाईंनी पेटी वाजवून दाखवली होती. मी काय सांगणार? म्हणून ठोकून दिलं, "बँड बसवता येतो. पुढचा ड्रम मी स्वतः वाजवते." आयुष्यात मी बँडच्या मागून चालले होते, तेही एकदाच, आणि झेंडा दुसरीच्या हातात होता. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी कपाट उघडून चार साइड ड्रम, एक मोठा ढोल आणि दोन बिगुल माझ्यापुढे ठेवले. "पंधरा ऑगस्टला चेअरमनसाहेब येणार आहेत," ते म्हणाले. "बँड उभा राहिला तर शेरा चांगला जाईल. नाहीतर दिवाळीनंतर आम्हाला दुसऱ्या बाई बघाव्या लागतील." घरी वडील नव्हते, आईचा मणका गेलेला, भाऊ आयटीआयला. माझ्या त्या कच्च्या पगारावर चार तोंडं होती.

शाळेचे ड्रम चामडी पानाचे. जुलैत ते असे ढिले पडले की काडी टाकली तर ओल्या गोधडीवर टाकल्यासारखी. मी शहाणीने त्यातला एक शिपायाच्या चहाच्या चुलीशेजारी शेकायला ठेवला आणि वर्गावर गेले. आठवीला संधी शिकवत होते. मधेच फाट् असा आवाज झाला, आणि अख्खा वर्ग खिडकीकडे धावला.

संध्याकाळी मालकांपुढे रडायला बसले. मला वाटलं, समजूत घालतील. त्यांनी बोळे काढले आणि विचारलं, "फुटताना कसा वाजला?"

"मालक, माझी नोकरी चाललीय!"

"ती पंधरा ऑगस्टला जाईल. हे आज झालंय. कसा वाजला?"

मी हुंदके देत सांगितलं, "फटाक्यासारखा नाय... पाटी आपटल्यासारखा." ते त्यांनी लिहिलं. मग म्हणाले, "चामडं ओल धरणारच, माणसासारखं हाय ते. शाळेच्या बाकीच्या तिघांना प्लॅस्टिकचं पान घालू. फुटका राहू दे. तू माझा पितळेचा ने." आणि उठून माझी उशी आणली.

ड्रमआधी तीन आठवडे मी उशीवर वाजवलं. रोज एसटीतून उतरले की ओसरीवर, दिवेलागणीपर्यंत. डावा, उजवा, डावा डावा, उजवा उजवा. मालक समोर बसून पायाने ठेका धरत. मी चुकले की बोलत नसत, पाय थांबवत. पाय थांबला की मी पुन्हा पहिल्यापासून. उशीतला कापूस चार कोपऱ्यांत गेला, मान आखडली. पण हात बसला. आणि जे हातात आलं ते मी दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांना देत गेले, जणू माझंच होतं. मुलं म्हणायची, "बाई, तुम्ही किती वर्षं वाजवताय?" मी नुसती हसायची, गूढपणे. काय सांगू तुम्हाला!

हे सगळं नीट चाललं असतं, पण तुडीलच्या एका बाईने बाजाराच्या दिवशी ओसरीवर मला काड्या मारताना बघितलं. ती बातमी माझ्या आज्याकडे गेली, आणि दुसऱ्याच दिवशी आजा मालकांच्या दारात उभा.

आजा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. तेव्हा पंचाहत्तरीचा असेल. आमच्या घरी वाजवणं बंद होतं, आणि ते त्यानेच बंद केलेलं. एकेकाळी गावचा देव निघाला की आमच्या लोकांनी ढोल वाजवायचा ही गावकीची सक्ती होती. धम्म घेतला त्या साली आज्याने आपला ढोल सावित्री नदीत सोडला. त्यानंतर आमच्या घरात कुणी ताटावरसुद्धा चमचा वाजवला नाही. मी डबा वाजवला म्हणून लहानपणी मार खाल्लेला आहे.

"गळ्यात ढोल घालायचा नाय," आजा म्हणाला. तो ओसरीवर चढलासुद्धा नाही. "नोकरी सोड, नायतर हे सोड."

मी काही बोलायच्या आत मालक पुढे झाले. मला वाटलं, आता भांडतील, निदान माझी बाजू तरी मांडतील. त्यांनी आज्याचा हात धरला, आत नेलं आणि भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसवलं. आज्याला इतका राग आला होता, की तो बसला. तड्.

"काय आठवलं?"

"आठवायचंय काय त्यात? पितळ हाय," आजा म्हणाला. "पातळ हाय."

मालकांची पेन्सिल हवेतच राहिली. बावीस वर्षांत लोकांनी त्यांना कळशी सांगितली, तांदूळ सांगितले, सायलेन्सर सांगितला. जिन्नस कुणी सांगितला नव्हता. तड्. "फणस." तड्. "पत्रा." तड्. "ही माती. फुटंल ती, जपून." लग्नपत्रिकांच्या ड्रमाला आजा जरा थांबला. "ह्ये झाड नाय, धातू नाय. कायतरी कुजवलंय." मालक जागच्या जागी नाचायचे बाकी होते. मग त्यांनी आपला लाडका घेतला, कारखान्यातून आणलेला पहिला, ज्याच्याशी ते बाकीचे सगळे ताडून बघत. तड्.

"आंबा," आजा म्हणाला.

"साग," मालक म्हणाले.

"आंबा."

"बाबा, हा साग हाय. बावीस वर्षं माझ्याकडं हाय."

"असंल. आंबा बावीस वर्षं टिकतो." आजा अजून भिंतीकडेच बघत होता. "माझ्या ढोलाचं खोड आंब्याचंच व्हतं. मला नका सांगू."

मालकांनी स्क्रू सोडवायला घेतले. पान काढलं, सुरी घेतली आणि गोलाच्या आतून पॉलिश खरवडायला लागले. मी आणि आजा बघत होतो. खाली लाकूड लागलं, फिकट. सागाचा पिवळा-तपकिरी रंग कुठेच नाही. मालकांनी वास घेतला. वहीतलं सागाचं पान काढलं, बावीस वर्षांचं, आणि वरच्या 'साग' शब्दावर रेघ मारून त्याच्यापुढे 'आंबा' लिहिलं. मला वाटलं होतं ते खचतील. त्यांचा चेहरा बक्षीस मिळालेल्या पोरासारखा झाला होता. "इतकी वर्षं चुकत होतो!" आज्याच्या गुडघ्यावर थाप मारून ते म्हणाले. "बसा बाबा, च्या टाकतो."

चहा पिताना आजा निवळला. "वाजवायला माझी ना नव्हती गो," मला म्हणाला. "थांबायला ना व्हती. पुढं आम्ही, मागं पालखी. देवळाच्या पायरीशी पोचलं की पालखी आत, आम्ही भाईर. ऊन असो, पाऊस असो." मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तुला वाजव म्हणून कुणी सांगितलं?"

इथे मात्र मला खरं बोलावं लागलं. "कुणीच नाय आज्या. मीच मुलाखतीत थाप मारली."

आज्याच्या नाकातून चहा यायचा राहिला. "म्हंजे आपल्या हातानं गळ्यात घातलंस? बरं केलंस. मग वाजव." आणि लगेच बोट वर. "पण कुठवर वाजवत जाणार? आत, का दारापतूर?"

मी खाली बघितलं. मुख्याध्यापकांनी तालमीतच खडूने रेघ मारून दाखवली होती. रस्त्यापासून सभागृहाच्या दारापर्यंत बँड, मग पाहुणे आत, मुलं पडवीत उभी. आत जागा नाही, म्हणाले होते. शाळेत तशीच पद्धत होती, कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. मलाही नव्हतं वाटलं, हे लिहायला आता लाज वाटते.

"दाराशी थांबलीस," आजा म्हणाला, "तर हापण नदीत जाईल. मालकांचा हाय त्ये बघणार नाय मी. आणि तू मला तोंड दाखवू नको."

मी मदतीसाठी मालकांकडे पाहिलं. ते आंब्याचा गोल मांडीवर घेऊन खरवडत बसले होते. कानांत बोळे परत गेलेले.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि पाऊस भुरभुरायला लागला. चेअरमनसाहेब पांढऱ्या कपड्यांत गाडीतून उतरले. त्यांच्यापुढे आम्ही. मी पुढे, गळ्यात पितळ, मागे तीन साइड ड्रम, ढोल, दोन बिगुल, सगळी मुलं इस्त्रीत. माझा हात चुकला नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. फाटकाशी महाडहून आलेले दोघे म्हातारे उभे होते. आजा फाटकाबाहेरच, छत्रीखाली. मालक मात्र माझ्या बाजूने ओणव्याने चालायला लागले, ड्रमाखाली बघत. चेअरमन त्यांच्याकडे बघत होते. मी जमीन दुभंगायची वाट बघत होते.

दार आलं. खडूची रेघ पावसाने पुसली होती, पण मुख्याध्यापक दारात पंजा वर करून उभे होते. माझ्या डोक्यात आईचा मणका आला, भावाची फी आली. दुसरीकडे फाटकाशी ती छत्री. आणि तुमची ही शूर मास्तरीण काय करते? तिचे पाय थांबतात. हात वाजवतायत आणि पाय थांबलेत, लग्नात दमलेल्या बँडवाल्यासारखे.

"थांबू नको," शेजारून मालक म्हणाले. "उघड्यावरचं ऐकलं. आता छपराखाली पितळ कसं वाजतं ते ऐकायचंय. चल आत."

"ओ आजोबा," मुख्याध्यापक खालच्या आवाजात किंचाळले, "तुम्ही कोण? आत जागा नाही!"

"जागाच बदलायचीय सर," मालक त्यांना समजावत म्हणाले. "बाकी समदं तेच ठेवलंय. एका वेळी एकच बदल." आणि त्यांचा वर केलेला पंजा दोन्ही हातांत धरून नमस्कार केल्यासारखा हलवायला लागले. मुख्याध्यापक या वाक्याचा अर्थ लावत राहिले, दारात हातभर वाट झाली, आणि मी तिच्यातून आत गेले. माझ्यामागे अख्खा बँड.

पत्र्याचं छप्पर, वर पाऊस, खाली पितळ. कान बधिर झाले. आम्ही मधल्या वाटेने थेट व्यासपीठापाशी गेलो. मागून आलेल्या चेअरमनसाहेबांना वाटलं, हा त्यांच्यासाठीच योजलेला खास मान आहे. ते व्यासपीठावर चढले, बँडकडे वळले आणि ताठ उभं राहून सलामी ठोकली. चेअरमन उभे, म्हणून शिक्षक उठले. शिक्षक उठले म्हणून गाव उठलं. वाजवणारे बसेपर्यंत सगळं सभागृह उभं होतं. पहिल्या रांगेतली मंडळी बाहेर चहाला गेली होती. मी मुलांना त्या खुर्च्यांवर बसवलं आणि मीही बसले. वळून पाहिलं तर आजा दारातून आत येत होता, छत्री न मिटताच.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. "कोणाला विचारून आत आणलात?" उत्तर मी रात्रभर पाठ केलं होतं, समता, घटना, सगळं होतं त्यात. तोंडातून आलं, "सर, छपराखाली कसं वाजतं ते बघायचं होतं." त्यांनी शेऱ्याचा कागद पुढे ओढला. पण चेअरमनसाहेब भाषणात म्हणून गेले होते, की असा मान त्यांना पंचक्रोशीत कोणी दिला नव्हता. शेरा गेला, 'बँड समाधानकारक.' नोकरी राहिली, पुढे पक्की झाली, त्या पगारावर भाऊ उभा राहिला, आई सरळ चालायला लागली.

पंधरा ऑगस्टला परतताना एसटीत आम्ही तिघे एका बाकावर होतो. मी मालकांच्या खांद्यावर बोट लावलं. त्यांनी बोळे काढले. मी विचारलं, "परवा आज्याचं बोलणं तुम्ही ऐकलं होतंत ना? खरं सांगा. माझ्यासाठी केलंत?"

"छपराखाली पितळ लई बोंबलतं," मालक म्हणाले. "पुढल्या साली फणसाचा ने." आणि बोळे परत घातले. आजा खिडकीबाहेर बघून हसत होता.

पुढे दर बाजाराला आजा मालकांकडे जाऊन बसायचा. दोघे म्हातारे सकाळी दहाला काडी सोडायचे आणि दुपारपर्यंत भांडायचे. आज्याने पुन्हा कधी वाजवलं नाही. ऐकलं मात्र पोटभर. माझे आभार मालकांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत. मी काही बोलायला गेले, की बोळे कानांत. म्हणून आज इथे लिहिते आहे. कागदाला बोळे घालता येत नाहीत.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. शाळेत अजून बँड आत जातो आणि पहिल्या रांगेत बसतो. गावचे पुढारी दुसऱ्या रांगेत. नव्याने आलेल्या एका सरांनी शिपायाला विचारलं, ही काय पद्धत? शिपाई म्हणाला, "सरकारी जीआर आहे साहेब, जुना." मी तिथेच उभी होते. मी मान डोलावली.